हे तांबे नक्की कोणासाठी?

अनोळखी सर्किट बोर्ड हातात आला की नजर आधी चिप्सकडे जाते, कारण त्यांच्यावर नंबर छापलेले असतात आणि नंबरावरून माहिती काढता येते. तांब्यावर मात्र काहीच लिहिलेले नसते. नागमोडी वळणे घेत गेलेला ट्रॅक (प्रवाह नेणारी तांब्याची रेघ), कोपऱ्यात एकटाच चकाकणारा ठिपका, कशालाही न जोडलेल्या चौकोनांच्या रांगा, एकमेकांवर टोके रोखलेले दोन त्रिकोण, अशा आकृत्या बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला किंवा उलगडून पाहणाऱ्याला कधी ना कधी अडवतातच. आकार आणि त्यांची नावे असे तक्ते पुष्कळ मिळतात, पण आकारावरून नाव शोधण्याची ही पद्धत माझ्या मते फसवी आहे, कारण एकच आकार चार वेगळ्या कामांसाठी काढलेला असू शकतो आणि एकच काम चार आकारांनी साधता येते. त्याऐवजी मी एकच प्रश्न विचारतो: हे तांबे कोणासाठी आहे? प्रवाहासाठी, विद्युतचुंबकीय क्षेत्रासाठी, बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यासाठी, की बोर्डावर भाग बसवणाऱ्या यंत्रासाठी? याचे उत्तर मिळाले की नाव आपोआप सापडते, आणि नाही सापडले तरी फारसे बिघडत नाही.

त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मल्टिमीटर, मिलिमीटरची पट्टी आणि प्रखर टॉर्च. दोन थरांचा बोर्ड उजेडासमोर धरला की दोन्ही बाजूंचे ट्रॅक एकमेकांवर पडलेले दिसतात. चार किंवा अधिक थरांच्या बोर्डात आतले ग्राउंड प्लेन (ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला, जोडलेले तांब्याचे सलग थर) उजेड अडवतात, पण मग जिथून उजेड आरपार येतो ती जागाच बोलकी ठरते, कारण तिथले तांबे प्रत्येक थरातून मुद्दाम काढलेले असते. भाग उतरवलेला बोर्ड असेल तर दोन्ही बाजू फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करून, एक प्रतिमा आडवी उलटवून दुसरीवर अर्धपारदर्शक ठेवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. मग तीन गोष्टी पाहायच्या: आकृतीची दोन्ही टोके कुठे जातात, तिच्यावर सोल्डर मास्क (तांबे झाकणारा, बहुधा हिरवा थर) आहे की तांबे उघडे आहे, आणि तिच्या नेमके खाली व आजूबाजूला काय आहे.

नागमोडी ट्रॅकचेच उदाहरण घेऊ, कारण याच आकाराबद्दल सर्वाधिक घाईने निष्कर्ष काढले जातात. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये अशा वळणांची गर्दी असेल तर तो लांबी जुळवण्याचा प्रकार असतो. एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा पदार्थ) बोर्डावर सिग्नलला एक मिलिमीटर जायला बाहेरच्या थरात साधारण ६ आणि आतल्या थरात साधारण ७ पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोसेकंद) लागतात. डीडीआर३-१६०० मेमरीत एका बिटच्या वाट्याला ६२५ पिकोसेकंदच येतात, म्हणजे दोन ट्रॅकच्या लांबीत १० मिमीचा फरक पडला तरी त्या वेळेचा दहावा हिस्सा वाया जातो. म्हणून जवळच्या पिनांमधल्या ट्रॅकला मुद्दाम फेरे घालायला लावून तो लांबच्या ट्रॅकइतका केला जातो. याची खूण म्हणजे असे ट्रॅक कधी एकटे नसतात. ते गटाने असतात, त्यांची रुंदी सारखी असते आणि त्यांच्याखाली अखंड ग्राउंड असते. यूएसबी किंवा एचडीएमआयच्या जोडट्रॅकमध्ये वळणाशेजारी एकाच ट्रॅकला दोन-तीन लहान कुबडे दिसतात, तीही याच जातीची, कारण वळणावर आतल्या बाजूचा ट्रॅक आखूड पडतो.

आता तेवढाच नागमोडी, पण एकटा, बोर्डाच्या कडेला असलेला आणि ज्याच्याखाली कुठल्याही थरात तांबे नाही असा ट्रॅक पाहा. त्याचे एक टोक दोन-तीन बारीक कॅपॅसिटर किंवा इंडक्टरांमधून रेडिओच्या चिपकडे जाते आणि दुसरे हवेत संपते. तो अँटेना आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची मोकळ्या हवेतली लांबी साधारण १२५ मिमी, म्हणजे पाव लांबी ३१ मिमीच्या आसपास; एवढा सरळ ट्रॅक लहान बोर्डावर मावत नाही म्हणून तो दुमडलेला असतो. तिसऱ्या बोर्डावर तीच वळणे संपूर्ण पृष्ठभाग व्यापतात, ट्रॅक चांगले रुंद असतात आणि दोन्ही टोके जाड तारांच्या पॅडपाशी येतात: तो हीटर, जसा थ्रीडी प्रिंटरच्या तापणाऱ्या पाटाखाली असतो. अशा पाटाचा रोध १.२ ओम असेल तर १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह आणि १२० वॅट उष्णता, हे मीटरने रोध मोजून लगेच पडताळता येते. चौथा प्रकार कार्डाने पैसे घेणाऱ्या यंत्रांत सापडतो. तिथे केसासारखे बारीक ट्रॅक दाट जाळी विणल्याप्रमाणे एका भागावर पसरलेले असतात आणि त्यांतून सतत तपासणीचा सिग्नल फिरत असतो. कोणी भोक पाडून आत जाऊ पाहिले आणि ट्रॅक तुटला की मेमरीतल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पुसल्या जातात. वळणे चौघांचीही सारखीच आहेत. फरक टोकांत, रुंदीत आणि खालच्या थरात आहे.

अँटेनापाशी आलोच आहोत तर मल्टिमीटर कुठे दिशाभूल करतो तेही पाहायला हवे. वायफाय किंवा ब्लूटूथच्या मॉड्यूलवर आडव्या पडलेल्या इंग्रजी एफ अक्षरासारखी एक आकृती वारंवार दिसते. तिचा एक पाय ग्राउंडला जोडलेला असतो, दुसऱ्या पायातून सिग्नल येतो आणि लांब हात मोकळा सुटलेला असतो. मीटरचे एक टोक सिग्नलच्या पायाला आणि दुसरे ग्राउंडला लावले की बझर वाजतो. नवख्या माणसाला इथे शॉर्ट झाल्याचा संशय येतो, पण ती जोडणी तशीच हवी असते. मीटर फक्त डीसीबद्दल सांगतो, २.४ गिगाहर्ट्झला तो काही मिलिमीटरांचा पाय म्हणजे इंडक्टर असतो आणि तो किती अंतरावर ठेवला यावर अँटेनाचा इम्पीडन्स (एसीला होणारा एकूण विरोध) सर्किटशी जुळतो.

याच्या अगदी उलट अनुभव डिश अँटेनाच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीचा (डिशने गोळा केलेला सिग्नल घेणाऱ्या डबीचा) बोर्ड उघडला की येतो. तिथे एकमेकांना न चिकटता शेजारी शेजारी सरकत गेलेल्या पट्ट्या किंवा केसांच्या पिनांसारखे दुमडलेले ट्रॅक दिसतात आणि मीटर म्हणतो की यांच्यात जोडणीच नाही. तो फिल्टर असतो, आणि १० ते १३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सिग्नल एका पट्टीवरून दुसरीवर क्षेत्राच्या रूपाने उडी मारतो. त्याच बोर्डावर ट्रान्झिस्टरला व्होल्टेज पुरवणाऱ्या सुताएवढ्या ट्रॅकवर तांब्याचा उघडलेला हातपंखा असावा तशी एक आकृती असते, जी कुठेच जात नाही. टोकाला उघड्या असलेल्या, लहरीच्या पाव लांबीच्या रेषेचे वैशिष्ट्य असे की तिच्या मुळाशी ती त्या लहरीपुरती शॉर्टसारखी वागते. म्हणून हा पंखा सिग्नलला पुरवठ्याच्या वाटेने निसटू देत नाही आणि डीसी मात्र त्याच्या मुळावरून निवांत पुढे जाते. पंखा रुंद ठेवण्याचे कारण असे की त्यामुळे हा परिणाम एका वारंवारितेऐवजी बऱ्याच रुंद पट्ट्यात टिकतो. वारंवारिता माहीत नसली तरी पट्टीने लांबी मोजून तिचा अंदाज बांधता येतो. एफआर-४ वरच्या, खाली ग्राउंड असलेल्या ट्रॅकसाठी हवेतल्या लांबीला सुमारे १.८ ने भागायचे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची पाव लांबी १७ मिमीच्या आसपास येते. एलएनबीचा बोर्ड कमी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या (पदार्थात लहर किती मंदावते ते ठरवणाऱ्या आकड्याच्या) वेगळ्या पदार्थाचा असतो, त्यामुळे तिथे भाजक आणखी लहान धरावा लागतो, पण अंदाजासाठी एवढे पुरते.

न जोडलेल्या चौकोनांकडे वळू. बोर्डाच्या रिकाम्या भागात एकसारख्या अंतरावर ठिपके किंवा चौकोन भरलेले असतील, त्यांच्यावर मास्क असेल आणि ते एकमेकांनाही जोडलेले नसतील, तर ते तांबे कारखान्याचे आहे. भोकांच्या आतून आणि ट्रॅकवर तांबे चढवताना बोर्ड विद्युतलेपनाच्या टाकीत असतो. तिथे एकट्या पडलेल्या ट्रॅकवर प्रवाहाची घनता जास्त होते आणि त्याच्यावर गरजेपेक्षा जाड थर बसतो, तर तांब्याच्या दाटीत तो पातळ राहतो. रिकाम्या जागेतले हे चौकोन प्रवाहाचा वाटा उचलतात आणि थर सगळीकडे सारखा बसवतात. दोन्ही बाजूंच्या तांब्याचे प्रमाण जवळपास सारखे राहिल्यामुळे बोर्ड तापल्यावर वाकतही नाही. अनेकदा हे चौकोन सर्किट काढणाऱ्याने ठेवलेलेच नसतात. त्याच्या संमतीने कारखान्याने घातलेले असतात. त्यामुळे त्यांत सर्किटचा अर्थ शोधत बसणे व्यर्थ आहे.

पण मायक्रोवेव्हच्या बोर्डावर याच चौकोनांची एक फसवी प्रतिकृती भेटते. मुख्य पट्टीच्या अगदी शेजारी, तिच्या बाजूला रेषेत बसवलेले, मास्क नसलेले इवलेसे चौकोन हे जुळवणीसाठी ठेवलेले असतात. तपासणी करणारा तंत्रज्ञ गरजेप्रमाणे त्यातला एखादा चौकोन सोल्डरने किंवा पातळ पट्टीने मुख्य रेषेला जोडतो आणि रेषेची कॅपॅसिटन्स किंचित वाढवतो. भिंगाखाली एखाद्या चौकोनावर जुन्या सोल्डरचा अंश दिसला तर शंकेला जागाच उरत नाही.

कारखान्याच्या खुणा एकदा ओळखू यायला लागल्या की बोर्ड वाचायला मजा येते. मला सर्वांत आवडणारी खूण रॅम किंवा जुन्या पीसीआय कार्डाच्या सोनेरी दातांपाशी असते. बऱ्याच कार्डांवर प्रत्येक दाताच्या टोकापासून बोर्डाच्या कडेपर्यंत एक बारीक शेपूट गेलेले दिसते आणि ते कडेला तुटल्यासारखे संपते. दातांवर कठीण सोन्याचा मुलामा विजेने चढवायचा तर प्रत्येक दाताला प्रवाह मिळायला हवा, म्हणून सगळे दात बोर्डाबाहेरच्या एका सामाईक पट्टीला जोडलेले असतात. मुलामा झाल्यावर कड तिरपी कापली जाते, पट्टी जाते आणि शेपटे मागे राहतात. तशीच दुसरी खूण म्हणजे कोपऱ्यातली एका ओळीतले १, २, ३, ४ हे आकडे. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या थरात कोरलेला असतो, म्हणजे थरांचा क्रम चुकला तर तपासणाऱ्याला लगेच दिसते, आणि आपल्यालाही बोर्ड किती थरांचा आहे ते टॉर्चच्या उजेडात फुकट कळते.

भाग बसवणाऱ्या यंत्रासाठी असलेले तांबे ओळखणे सोपे आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. साधारण १ मिमी व्यासाचा उघडा गोल ठिपका, त्याच्याभोवती दोन-तीन मिमीपर्यंत मास्कविरहित रिकामी जागा आणि कोणतीही जोडणी नाही, ही कॅमेऱ्यासाठीची संदर्भखूण असते. ती बहुधा तीन कोपऱ्यांत असते आणि बारीक पिनांच्या चिपजवळ तिची जोडी वेगळी असू शकते. वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून जाणाऱ्या बोर्डांवर चिपच्या शेवटच्या पिनांमागे एखादे मोठे, कशालाही न जोडलेले पॅड दिसते. ते लाटेतून बाहेर पडताना मागे रेंगाळणारे जादा सोल्डर स्वतःकडे ओढून घेते, नाहीतर शेवटच्या दोन पिना एकमेकींना चिकटतात.

मास्क नसणे ही माझ्या लेखी सर्वांत मोठी सूचना आहे. मास्क आपोआप सगळीकडे लागतो. तो कुठे नसेल तर तिथे नसावा असे कोणीतरी ठरवलेले असते. टीव्हीच्या किंवा चार्जरच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या (घरच्या विजेच्या) प्रवेशाजवळ जी दोन वेटोळ्यांची कॉमन मोड चोक (दोन्ही तारांवर एकत्र येणारा विद्युत गोंगाट अडवणारी कॉइल) असते, तिच्या प्रत्येक वेटोळ्याच्या दोन टोकांपासून निघालेले दोन उघडे त्रिकोण समोरासमोर टोके आणून थांबलेले असतात. वीज कडाडल्यावर किंवा मोठा झटका आल्यावर चोकवर उभा राहणारा दाब या फटीतून ठिणगीच्या रूपाने निघून जातो. हवा मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्टला फुटते असे ढोबळमानाने धरतात, पण फट फार लहान असली की हा नियम सरळ लागू पडत नाही आणि प्रत्येक ठिणगीनंतर टोके थोडी जळतात, त्यामुळे याला नेमके संरक्षण मानू नये. टोकांवर काळपटपणा दिसला तर त्या बोर्डाने झटका खाल्ला आहे एवढे मात्र नक्की समजावे.

त्याच पॉवर सप्लायमध्ये काही रुंद ट्रॅकवर मास्क पट्ट्यापट्ट्यांनी उघडा ठेवून त्यावर सोल्डरचा फुगीर थर चढवलेला असतो. जास्त प्रवाहासाठी केलेली ही सोय उपयोगी आहे, पण दिसते तितकी नाही, कारण टिन-शिशाच्या सोल्डरचा विशिष्ट रोध तांब्याच्या आठपटींहून जास्त असतो. ३५ मायक्रॉनच्या तांब्यावर तेवढ्याच जाडीचे सोल्डर चढवून हाती फारसे काही लागत नाही. थर चांगला जाड असावा लागतो.

उघड्या तांब्याचा एक नाजूक प्रकार मोजमापाच्या उपकरणांत असतो. पीएच मीटरसारख्या अत्यंत कमी प्रवाहाच्या इनपुट पिनेभोवती एक उघडी कडी काढलेली असते. ती ग्राउंडला जोडलेली असेल असे सगळ्यांना वाटते, पण बहुधा ती इनपुटच्याच व्होल्टेजला ठेवलेली असते, म्हणजे ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) आउटपुटला किंवा तशाच एखाद्या बिंदूला जोडलेली असते. आजूबाजूने पृष्ठभागावरून येणारा गळतीचा प्रवाह कडीतच अडतो, आणि कडी व इनपुट यांच्यात व्होल्टेजचा फरक नसल्यामुळे पुढे काही गळत नाही. अशा बोर्डावर फ्लक्सचा (सोल्डर करताना लावलेल्या रसायनाचा) डाग किंवा बोटाचा ठसा राहू देणे म्हणजे त्या कडीचा उद्देशच मोडून काढणे होय.

काही वेळा ट्रॅक हाच भाग असतो. बॅटरीकडून येणाऱ्या वाटेवर एक ठरावीक रुंदीचा तुकडा आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून चिपकडे निघालेले दोन बारीक ट्रॅक दिसले तर तिथे प्रवाह मोजला जात आहे. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या प्रत्येक चौरसाचा रोध, तो कितीही मोठा असो, सुमारे अर्धा मिलिओम येतो. म्हणजे १ मिमी रुंद आणि २० मिमी लांब ट्रॅक हा वीस चौरसांचा, साधारण १० मिलिओमचा रेझिस्टर झाला आणि ५ अँपिअरला त्यावर ५० मिलिव्होल्ट मिळाले. पैसे वाचवण्याची ही युक्ती मला फारशी पटत नाही, कारण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. बोर्ड २५ अंशांनी तापला की मोजमाप जवळपास दहा टक्के चुकते. चिप तापमान मोजून दुरुस्ती करत असेल तर गोष्ट वेगळी.

तांबे जिथे नाही तिथेही वाचायला हवे. पॉवर सप्लायच्या मधोमध ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलरच्या (प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोचवणाऱ्या भागाच्या) खालून जाणारा कित्येक मिलिमीटर रुंदीचा कोरा पट्टा, आणि कधी त्यात कापलेली खाच, ही मेन्सची आणि हात लागू शकणाऱ्या बाजूची सीमा असते. तो पट्टा ओलांडणारे भाग मोजके आणि खास दर्जाचे असतात. बोर्ड चालू स्थितीत तपासायची वेळ आली तर मी आधी हा पट्टा शोधतो आणि मगच मीटरच्या काळ्या प्रोबला जागा देतो.

हे सगळे ओळखण्याचा खरा उपयोग दुरुस्तीत होतो. गंजलेला ट्रॅक तारेने जोडायचा असेल तर हीटरच्या किंवा साध्या पुरवठ्याच्या ट्रॅकला पुरेशा जाडीची तार चालते. मेमरीच्या लांबी जुळवलेल्या ट्रॅकवर लांब तार टाकली की वेळेचे आणि इम्पीडन्सचे गणित दोन्ही बिघडते. तिथे तुटलेल्या जागेपुरताच सुतासारखा तुकडा, ग्राउंडच्या जितका जवळ चिकटवता येईल तितका चिकटवून, सोल्डर करावा लागतो. प्रवाह मोजणाऱ्या तुकड्यावर मजबुतीसाठी सोल्डर चढवले तर त्याचा रोध घटतो, चिपला प्रत्यक्षापेक्षा कमी प्रवाह दिसतो आणि ओव्हरलोडचे संरक्षण उशिरा काम करते. लेपनासाठीचे न जोडलेले चौकोन मात्र खरवडून काढले तरी काही फरक पडत नाही, आणि नवा भाग बसवायला जागा हवी असेल तर मी ती तिथेच करतो.